रक्तात काय असतं?

गेल्या महिन्यात मार्केट यार्डच्या भुसार विभागात एका ओळखीच्या आडत्याच्या गाळ्यावर बसलो होतो. विशीतला एक पारधी तरुण काम मागायला आला. आडत्याने बसल्या जागेवरूनच मान हलवली. तो गेल्यावर मला म्हणाला, "भाई, गरीब आहे, कळतं. पण यांच्या रक्तातच असतं ते." मी गप्प राहिलो. घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. थोड्याफार फरकाने हेच वाक्य मी माझ्या समाजाबद्दलही ऐकत आलो आहे.

या वाक्याचा एकदा कायदाच झाला होता. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. त्यामागचा युक्तिवाद साधा होता: विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार, मग चोराचा मुलगा चोर का होणार नाही? जातीच्या व्यवस्थेलाच निसर्गनियम समजून अख्ख्या जमातींची नोंद झाली. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर त्याचा फास मुंबई इलाख्यातही घट्ट झाला. पोलिसांकडे हजेरी आणि गाव सोडायचं तर परवाना हे नित्याचं झालं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. त्या भागाला आजही 'सेटलमेंट'च म्हणतात.

या यादीत पारधी, कैकाडी, भामटा यांच्याबरोबर छप्परबंदही होते, आणि ते मुसलमान. मोगल फौजांसाठी छप्परं शाकारणारे म्हणून त्यांची ओळख सांगितली जाते. फौजा गेल्या, काम गेलं, आणि सरकारी दप्तरात ते खोटी नाणी पाडणारे ठरले. आता जरा विचार करा. ज्याला गावाबाहेर जायला परवाना लागतो, ज्याचं नाव ऐकताच दार बंद होतं, त्याने पोट कसं भरायचं? नंतर त्यांच्यातला एखादा चोरी करताना सापडला, की म्हणायचं, बघा, रक्तच तसं!

कायदा १९५२ साली रद्द झाला. त्या जमाती 'विमुक्त' झाल्या. वाक्य मात्र विमुक्त झालं नाही.

विज्ञानानेही असली वाक्यं बोललेली आहेत. इरावती कर्वे १९२७ साली बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक ऑयगन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेचा वंशाशी संबंध असतो, असं त्यांचं गृहीतक. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा काही संबंध दिसत नाही, असं स्वच्छ लिहिलं. फिशर पुढे नाझींच्या वंशधोरणात सामील झाले. बाई पुण्यात येऊन डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवू लागल्या.

म्हणजे अनुवंशाला काही अर्थच नाही का? आहे. उंची, स्वभावाचा कल, काही आजारांची प्रवृत्ती यांत जनुकांचा वाटा असतो. भीती, परक्याबद्दलचा संशय, तसंच सहकार्य आणि विश्वास या क्षमता माणसाला उत्क्रांतीतून मिळाल्या, असं उत्क्रांतीवादी मानसशास्त्र सांगतं. पण त्या साऱ्याच माणसांना मिळाल्या आहेत. त्यांतली कोणती केव्हा वर येईल, हे परिस्थितीवर फार अवलंबून असतं. रिचर्ड लेवॉन्टिन या जीवशास्त्रज्ञाने १९७० साली एक दाखला दिला होता, तो यार्डातल्या माणसाला चटकन पटेल. एकाच पोत्यातलं बियाणं दोन शेतांत पेरा, एक सुपीक, दुसरं निकस. एकाच शेतातल्या दोन ताटांमधला फरक बियाण्याचा असेल. दोन शेतांच्या पिकातला फरक मात्र जमिनीचा.

दुसरा दाखला यार्डातच आहे. 'हमाल दारूडा, भांडखोर' असं एके काळी सर्रास बोललं जाई. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, १९६९ चा माथाडी कायदा आला. मजुरीचे दर ठरले, भविष्यनिर्वाह निधी आला, पतसंस्था झाली, 'कष्टाची भाकर' सुरू झाली, हमालनगरात घरं झाली. हमालांची मुलं शिकून नोकऱ्यांना लागली. रक्त तर तेच होतं.

इब्न खल्दूनने १३७७ साली 'मुकद्दिमा'त लिहिलं होतं की माणूस जन्मजात प्रकृतीपेक्षा आपल्या सवयींचं, रीतिरिवाजांचं अपत्य असतो. त्याचे सगळे सिद्धान्त आज टिकत नाहीत, पण हे टिकलं. त्याचं नाव आपण अभिमानाने घेतो आणि मुलाचं लग्न ठरवताना बिरादरी विचारतो, 'खानदान कसं आहे' याची चौकशी करतो. तो आडत्या आणि आपण यांत मग फार अंतर राहत नाही.

त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. पुढच्या खेपेला गाळ्यावर जाईन तेव्हा त्याला बियाण्याची आणि शेताची गोष्ट सांगणार आहे. आणि तो तरुण पुन्हा दिसला, तर त्याच्यासाठी शब्द टाकणार आहे.