शिंपल्यावरच्या रेघा

परवा तिसऱ्या धुताना लेकीने विचारलं, "आई, ही नक्षी कोणी काढली?" आणि मला एकदम मिंग आठवला.

मिंग म्हणजे २००६ साली आइसलँडजवळच्या समुद्रात सापडलेला शिंपला. आतला मऊ जीव समुद्राच्या पाण्यातूनच चुना घेतो आणि घराच्या कडेला थरावर थर चढवत जातो. दर वर्षी वाढ मंदावते, तिथे एक रेघ उमटते. २००७ साली शास्त्रज्ञांनी बिजागरीपाशी मोजल्या, तर चारशेच्या वर! पण तिथे रेघा फार दाटीने होत्या. २०१३ मध्ये बाहेरच्या बाजूने मोजल्या... ५०७. म्हणजे जन्म १४९९ चा, वास्को द गामा कालिकतहून लिस्बनला परतला त्या सालचा. १६३० मध्ये शिवाजी महाराज जन्मले, तेव्हा हा १३१ वर्षांचा होता!

पण त्याला बोटीवरच गोठवलं होतं. वय कळलं ते तो गेल्यावर.

आमची आज्जी 'मानमोडीच्या साथीनंतरची', एवढंच सांगायची. पुढचं विचारायचं राहूनच गेलं. तिने तर काही लिहून ठेवलं नव्हतं, शिंपल्यासारखं. तुमची आज्जी असेल, तर आजच विचारून घ्या.