चाचा की सरखेल?

फ्रान्सिस ड्रेक पृथ्वीप्रदक्षिणा करून सप्टेंबर १५८० मध्ये प्लिमथ बंदरात परतला, तेव्हा त्याच्या जहाजात स्पॅनिश जहाजांवरून लुटलेले सोने-चांदी होते. इंग्लंड आणि स्पेन यांच्यात त्या वेळी उघड युद्ध नव्हते. स्पेनच्या वकिलाने लूट परत मागितली. एलिझाबेथ राणीने आपला वाटा ठेवून घेतला आणि पुढच्याच वर्षी ड्रेकला त्याच्या जहाजावर ‘सर’ हा किताब मिळाला. स्पेनच्या लेखी मात्र तो अखेरपर्यंत चाचाच होता.

याच राणीने १६०० साली ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. कंपनीच्या पहिल्या सफरीचा प्रमुख जेम्स लँकेस्टर. त्याने १६०२ मध्ये मलाक्काच्या सामुद्रधुनीत एक मोठे पोर्तुगीज जहाज लुटले आणि त्यातल्या मालावर मसाल्याची खरेदी सोपी करून घेतली. म्हणजे व्यापार आणि लूट या दोन्ही गोष्टी कंपनीच्या गलबतात पहिल्या दिवसापासून शेजारी बसल्या होत्या. शंभर वर्षांनी त्याच कंपनीच्या मुंबईकर अधिकाऱ्यांनी कोकणातल्या एका माणसाला चाचा ठरवले. तो माणूस कान्होजी आंग्रे.

कान्होजींकडे सनद नव्हती असे नाही. सुवर्णदुर्गाच्या बचावात नाव कमावलेल्या या दर्यावर्द्याकडे छत्रपती राजारामांच्या काळात आरमाराची सूत्रे आली. पुढे शाहू आणि ताराबाई यांच्या संघर्षात ते ताराबाईंच्या बाजूला होते. चालून आलेल्या बहिरोपंत पिंगळे पेशव्यांनाच त्यांनी कैद केले. तेव्हा शाहूंनी बाळाजी विश्वनाथांना पाठवले. समेट झाला, कान्होजी शाहूंकडे आले आणि सरखेलपद व किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे कायम झाले.

त्यांचा दावा साधा होता : या किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी गलबताने मराठ्यांचा दस्तक घ्यावा, न घेतल्यास ते पकडले जाईल. ही पद्धत नवी नव्हती. पोर्तुगीजांनी दोनशे वर्षे ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याने हेच केले होते. इंग्रजांना खटकले ते असे, की आता कागद देणारा हात इथला होता.

१७१२ च्या अखेरीस कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नराची सशस्त्र नौका पकडली. तिच्या सोबतीने जाणाऱ्या जहाजात कारवारच्या इंग्रज वखारीचा प्रमुख टॉमस चाऊन होता. तो लढाईत मारला गेला, त्याची तरुण पत्नी कैदेत पडली आणि तीस हजार रुपये घेऊन तिची सुटका झाली. गव्हर्नर चार्ल्स बून आल्यावर मोहिमांवर मोहिमा निघाल्या. विजयदुर्ग, मग खांदेरी, पुन्हा विजयदुर्ग. प्रत्येक वेळी इंग्रज हात हलवत परतले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले, सोबत इंग्लंडच्या राजाची लढाऊ जहाजे होती. शाहूंच्या दरबाराने बाजीरावांना मदतीला धाडले आणि ती मोहीमही फसली. किनाऱ्याच्या पाठीशी घाट उभा राहिला, तर काय होते ते तेव्हा दिसले.

बूननंतर आलेल्या गव्हर्नर फिप्सशी कान्होजींचा पत्रव्यवहार झाला. लूटमारीच्या आरोपावर त्यांचे उत्तर असे होते, की दुसऱ्याचे आहे ते आपले व्हावे ही हाव व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही. जगाची रीतच ती आहे. हे उत्तर चोख आहे, पण त्यात निर्दोषपणाचा दावा नाही. पकडलेल्या गलबतांत केवळ गोऱ्यांचा माल नसे. देशी व्यापारी आणि खलाशीही त्यात बुडत. आज ‘चाचा’ हा शब्द पुसून तिथे ‘महानायक’ लिहिणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे.

कान्होजी ४ जुलै १७२९ रोजी गेले. मुलांत भांडणे लागली. पेशव्यांनी मानाजी आणि संभाजी यांच्यात दौलत वाटून वाद मिटवला, पण आरमार दुभंगले. पुढे विजयदुर्गावर तुळाजी आला. तो पेशव्यांना जुमानीना. तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या माऱ्यात विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळून गेले. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत मेला. दुसऱ्याच वर्षी हेच वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालमध्ये होते, प्लासी झाली.

ड्रेक आणि आंग्रे यांच्यातला खरा फरक इथे आहे. दोघांनीही जहाजे पकडली, दोघांनाही शत्रूने चाचा म्हटले. पण ड्रेकच्या पिढीच्या दर्यावर्दीपणातून इंग्लंडने पुढे आपली सागरी सत्ता उभी केली. आंग्र्यांचे आरमार मात्र ज्यांच्या नावाने समुद्रात उतरले, त्याच राज्याच्या पेशव्याने ते शत्रूकडून बुडवून घेतले. सरखेलाला चाचा ठरवण्याचे काम शेवटी घरूनच पुरे झाले.

आठवणीही अशाच वाटल्या गेल्या. लंडनमधल्या शूटर्स हिल टेकडीवर १७८४ मध्ये जेम्सच्या विधवेने त्याच्या स्मरणार्थ बांधलेला मनोरा आहे, त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग’, म्हणजे सुवर्णदुर्गच. मुंबईत नौदलाचा तळ ‘आंग्रे’ या नावाने ओळखला जातो आणि खांदेरी बेटाला कान्होजींचे नाव आहे. ड्रेकच्या वाट्याला आता फेरतपासणी आली आहे : हॉकिन्सच्या गुलाम-व्यापाराच्या सफरींत तो होता म्हणून कॅलिफोर्नियातल्या एका शाळेने २०२१ मध्ये त्याचे नाव सोडले.

आपल्याला आंग्र्यांकडे पाहताना इंग्रजी शिक्का तर खोडायला हवाच. पण तो खोडल्यावर उरणारा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. १७२१ मध्ये जे दरबार सरखेलाच्या मागे उभे राहिले, त्याच राज्याला पस्तीस वर्षांत स्वतःच्या आरमाराची गरज का वाटेनाशी झाली? याचे उत्तर मुंबईच्या कागदांत शोधून भागणार नाही. ते पुण्याच्या दप्तरातच शोधावे लागेल.