पंडिता रमाबाईंचें एकाकीपण

मनुष्याच्या वांट्यास एकटेपणा दोन वाटांनीं येतो. जवळचीं माणसें मरून जातात, ही एक वाट. आणि जिवंत माणसें आपल्याला परकें मानूं लागतात, ही दुसरी. पहिल्या दुःखावर काळ हें औषध आहे असें म्हणतात. दुसऱ्यावर औषध सांपडणें कठीण. पंडिता रमाबाईंनीं हीं दोन्ही दुःखें भोगलीं. त्यांची विशेष गोष्ट ही कीं, ज्या ख्रिस्ती श्रद्धेनें त्यांना पहिल्या दुःखांतून वर काढलें, तिनेंच त्यांना दुसऱ्यांत लोटलें. शाळेच्या पुस्तकांत रमाबाईंवर जो धडा असतो त्यांत जन्म, विद्वत्ता, शारदासदन आणि मृत्यु इतकें सांगून धर्मांतर एका वाक्यांत उरकलेलें असतें. मुलांना शिकवितांना तें वाक्य मला नेहमीं अपुरें वाटे. आजच्या भाषणांत त्या एका वाक्याच्या मागें काय होतें तेवढेंच पाहूं.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. त्यांनीं आपल्या पत्नीला संस्कृत शिकविलें, म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष त्यांच्यावर झाला, आणि पश्चिम घाटांतील गंगामूळच्या रानांत त्यांनीं आपलें बिऱ्हाड नेलें. तेथें २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. त्या अवघ्या सहा महिन्यांच्या असतांना कुटुंब तीर्थयात्रेस निघालें तें पुन्हां स्थिर असें कधीं झालेंच नाहीं. तान्ह्या मुलीला वेताच्या पेटींत घालून एका माणसाच्या डोक्यावरून नेलें, असें त्यांनीं पुढें सांगितलें आहे. घर नाहीं, शेजार नाहीं, बरोबरीच्या मुली नाहींत. तीर्थाच्या ठिकाणीं पुराण सांगावें, मिळेल त्यावर निर्वाह करावा, उरेल तें दानधर्मांत घालवावें आणि पुढें चालावें. आईच्या तोंडून पाठ केलेले हजारों श्लोक हीच त्या मुलीची संगत. यांत आनंद नव्हता असें मी म्हणत नाहीं. पण जगाशीं संबंध म्हणून जो कांहीं असतो तो सारा त्या पांच माणसांत सामावलेला होता, हें ध्यानांत ठेवावें.

मग मद्रास इलाख्यांतला दुष्काळ आला. सांठविलेलें द्रव्य संपलें. मजुरी करण्यास जातीचा अभिमान आड येई, आणि भीक मागण्याचीहि लाज वाटे. १८७४ सालीं वडील रानांत वारले. मरणापूर्वीं त्यांनीं धाकट्या लेकीला जवळ घेऊन सांगितलें कीं, मीं तुला देवाच्या हातीं दिलें आहे, जन्मभर त्याचीच होऊन राहा. हे उद्गार एका कर्मनिष्ठ हिंदु शास्त्र्याचे आहेत. पुढें ती मुलगी ज्या धर्मांत गेली त्याची त्यांना कल्पनाहि नव्हती. थोड्याच काळांत आई गेली. प्रेत उचलण्यास माणसें मिळेनात. अखेर दोघे ब्राह्मण आले, तिसरा भाऊ, आणि चौथी रमा. ती ठेंगणी, खांदा पुरेना. म्हणून आईच्या तिरडीची आपली बाजू तिनें डोक्यावर घेतली, आणि तशी ती सुमारें तीन मैल चालली. पाठोपाठ थोरली बहीणहि गेली.

राहिलीं दोघें. भाऊ श्रीनिवास आणि रमा हीं पायीं हिंदुस्थान फिरत राहिलीं. कित्येक दिवस उपास, थंडींत अंगावर पांघरूण नाहीं. व्रतें, स्नानें, अनुष्ठानें सारीं यथाविधि झालीं होतीं. देवानें मात्र कांहींच उत्तर दिलें नाहीं. दोघांची जुनी श्रद्धा गळाली ती या वाटचालींत. मिशनऱ्यांच्या व्याख्यानांनीं गळाली असें समजणें चूक आहे. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं तिच्या विद्वत्तेची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच शहरांत त्यांनीं ख्रिस्ती प्रार्थना पहिल्यानें पाहिली. मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसली. तेव्हां हे लोक खुर्च्यांचीच पूजा करितात कीं काय, असें या भावंडांस वाटलें! चहा आणि बिस्किटें पुढें आलीं तेव्हां तर कलियुग पुरतें अवतरल्याची त्यांची खात्री झाली. रमाबाईंनीं हा प्रसंग पुढें स्वतः मोठ्या गमतीनें लिहिला आहे. त्या दिवशीं त्यांना संस्कृत भाषेंतलें बायबल भेट मिळालें. तें त्यांनीं वाचून पाहिलें, पण त्यांतलें कांहीं मनास भिडलें नाहीं.

१८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा. आसामांत सिल्चर येथें त्यांचा संसार झाला, आणि तो उणीपुरी दोन वर्षेंहि टिकला नाहीं. फेब्रुवारी १८८२ मध्यें पटकीनें पति गेला. त्या वेळीं मनोरमा दहा महिन्यांची, आणि आई तेवीस वर्षांची. सिल्चरच्या घरांत पतीच्या पुस्तकांमध्यें बंगाली भाषेंतलें लूकाचें शुभवर्तमान त्यांच्या हातीं पडलें होतें, आणि एक बाप्टिस्ट मिशनरी येऊन त्याचा अर्थ समजावून सांगत असे. मला ख्रिस्ती व्हावेंसें वाटतें, असें त्या एकदां पतीजवळ बोलल्या. त्यावर मिशनऱ्याला घरीं येऊं देणार नाहीं, असें त्यानें बजावलें. म्हणजे बीज पडलें होतें. पण तोंपर्यंत बाईंना एक माणूस होतें, मूल होतें, घर होतें. भूक लागली नव्हती.

१८८२ च्या पुण्याविषयीं थोडक्यांत सांगतों. आर्य महिला समाज स्थापन झाला, स्त्रीधर्मनीति प्रसिद्ध झालें, हंटर कमिशनपुढें साक्ष झाली. न्यायमूर्ति रानड्यांच्या मंडळींनीं त्यांना मान दिला. तथापि व्याख्यानास जमलेली गर्दी ही कुटुंब नव्हे. वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें १८८३ सालीं त्या मनोरमेस घेऊन विलायतेस निघाल्या. सोबत आनंदीबाई भगत नांवाची मैत्रीण होती. वॉंटेज गांवीं अँग्लिकन पंथाच्या भगिनींच्या मठांत त्या उतरल्या. कानांनीं कमी ऐकूं येऊं लागल्यामुळें वैद्यकीचा विचार सोडावा लागला, हा पहिला आघात. दुसरा त्याहून भयंकर. सोबतीच्या मैत्रिणीनें तेथें आत्महत्या केली. परक्या देशांत आपल्या भाषेंत बोलणारें एकच प्रौढ माणूस, तेंहि अशा रीतीनें गेलें. त्यानंतर रमाबाई ऑक्सफर्ड येथें माक्स म्यूलर यांच्या घरीं कांहीं काळ राहिल्या. त्यांची अवस्था अशी होती कीं रात्रीं त्यांच्या खोलींत एक दासी निजवावी लागे, असें त्या विद्वानानें लिहून ठेविलें आहे. मद्रासच्या दुष्काळांत न डगमगलेली बाई एकटी झोंपूं शकत नव्हती!

२९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींनीं बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यामुंबईस एकच ओरड झाली. दुःखानें मति फिरली, भ्यालेल्या बाईला मिशनऱ्यांनीं गांठलें, असा सूर निघाला, आणि आजहि तो क्वचित् ऐकूं येतो. हा आरोप तपासून पाहण्यासारखा आहे. कारण तो खरा असेल तर या कथेला अर्थच राहत नाहीं.

रमाबाईंनीं स्वतः कारण सांगितलें आहे तें निराळें. लंडनजवळ फुलहॅम येथें मठाच्या भगिनी पतित स्त्रियांना आसरा देत. त्यांच्याशीं त्या भगिनींचें वागणें रमाबाईंनीं पाहिलें. ज्या स्त्रीला शास्त्रांनीं दूर लोटावें तिलाच हे लोक जवळ कां करितात, असें त्यांनीं विचारलें. तेव्हां योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांतली शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना दाखविण्यांत आली. भर दुपारीं एकटी विहिरीवर आलेली, बदनाम झालेली, परक्या जातीची बाई. आणि तिच्याकडे पाणी मागणारा येशू. माझ्या मतें या गोष्टीचें मर्म रमाबाईंना इतर कोणाहि वाचकापेक्षां अधिक कळलें असावें. विद्वत्तेबद्दल त्यांना मान पुष्कळांनीं दिला होता. मान न पाहतां, जात न पाहतां, वाटेवर थांबून बोलणारा देव मात्र त्यांना प्रथमच भेटत होता. त्यांच्या आधीं ख्रिस्ती झालेले नेहेम्या गोरे यांच्या लिखाणानेंहि बुद्धीच्या कांहीं शंका फिटल्या, असें त्या सांगतात.

आरोपाचें दुसरें उत्तर पत्रव्यवहारांत आहे. भगिनी जेराल्डिन यांच्याशीं झालेला हा पत्रव्यवहार १९७७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाला. जिज्ञासूंनीं तो अवश्य वाचावा. जी बाई केवळ भीतीनें आश्रयास गेली, ती आश्रयदात्यांशीं असें भांडत नाहीं. त्रैक्याचा सिद्धांत पटल्यावांचून मानणार नाहीं. पाद्रीसाहेबांचा शब्द म्हणून कांहीं स्वीकारणार नाहीं. मांसाहार करणार नाहीं. गळ्यांतल्या क्रूसावर लॅटिन अक्षरें कशाला, संस्कृत कां नकोत! जेराल्डिनबाईंना यांत गर्व दिसला. मला यांत अनंतशास्त्र्यांची मुलगी दिसते. परंतु याचा परिणाम असा झाला कीं, स्वदेशीं बाटगी म्हणून परक्या झालेल्या रमाबाई ख्रिस्ती मठांतहि पुरत्या आपल्या झाल्या नाहींत. मुलीचें शिक्षण कोणत्या पंथाच्या वळणानें व्हावें यावरूनहि ताण पडला.

१८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथें पुस्तक लिहून आणि व्याख्यानें देऊन त्यांनीं साह्य मिळविलें, आणि ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. येथें धर्म शिकवावयाचा नाहीं असा करार होता. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, पण दार लावून घेत नसत. कांहीं मुली येऊन बसूं लागल्या. १८९३ सालीं यावरून वादळ उठलें. केसरीनें कडक टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, पालकांनीं मुली काढून नेल्या. या वादांत मी दोन्ही पक्षांस थोडाथोडा दोष देतों. करार झाला होता, ही गोष्ट टीकाकारांच्या बाजूची. परंतु ज्या विधवांना त्यांच्या घरांनीं कोपऱ्यांत बसविलें होतें, त्यांच्या एकटेपणाची आंच यांतल्या किती टीकाकारांस पूर्वीं लागली होती?

रमाबाई या सुमारास निराळ्या होत्या, ही गोष्ट वादाच्या धुरळ्यांत दिसत नाहीं. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं, म्हणजे १८९१ च्या सुमारास, त्यांना जाणवलें कीं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाहीं. १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या साक्षीच्या पुस्तकांत त्यांनीं हें सांगितलें आहे. कबूल केलेले सिद्धांत एकीकडे, आणि घटकाभरहि न सोडणारा सोबती दुसरीकडे. यापुढें त्यांच्या लिखाणांतला वादाचा सूर ओसरतो. बुद्धिवादी वाचकांस हा बदल रुचत नाहीं हें मला ठाऊक आहे. मलाहि वॉंटेजच्या तंटेखोर रमाबाई अधिक आवडतात. पण १८९३ सालीं सारें पुणें पाठ फिरवीत असतां त्या खचल्या नाहींत, आणि दहा वर्षांपूर्वीं त्याच बाईला रात्रीं एकटें झोंपवत नव्हतें, या दोन गोष्टी शेजारींशेजारीं ठेवून पाहाव्यात.

येथें लक्ष्मीबाई टिळकांचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. १८९५ सालीं नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, आणि लक्ष्मीबाई लहान मुलासह मागें राहिल्या. धर्मांतरानें घरच्या बाईवर येणारा एकटेपणा काय असतो तें स्मृतिचित्रांत पाहावें. पुढें नवऱ्याकडे परतून, स्पृश्यास्पृश्याचा विटाळ हळूहळू मनांतून काढून, १९०० सालीं त्यांनीं आपल्या विचारानें बाप्तिस्मा घेतला. त्यांनीं हें सारें हंसत हंसत सांगितलें आहे. रमाबाईंच्या हातीं तें हंसूं फारसें नव्हतें.

१८९६ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. ती बातमी ऐकून रमाबाईंना आपलाच दुष्काळ आठवला. त्या स्वतः गेल्या, आणि उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगांव येथें फळबागेसाठीं घेतलेल्या जमिनीवर झोंपड्या उठल्या, तेंच मुक्तिसदन. १९०० सालीं गुजराथच्या दुष्काळानंतर तेथें सुमारें दोन हजार जीव होते. आंधळ्यांसाठीं शिक्षण, पतित स्त्रियांसाठीं कृपासदन, विणकाम, छापखाना. ज्या मुलीच्या आईची तिरडी उचलायला माणसें मिळालीं नव्हतीं तिच्या भोंवतीं हा परिवार. त्यांत एकाहि मुलीला मी तुझी कोण असें विचारावें लागलें नसेल.

मनोरमा आईच्या हाताखालीं तयार होऊन मुक्तिसदनाचा भार उचलूं लागली होती. २४ जुलै १९२१ रोजीं ती वारली. जगांतलें रक्ताचें शेवटचें माणूस गेलें. रमाबाईंनीं त्या वेळीं हातीं घेतलेलें काम मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर करण्याचें होतें. तें त्यांनीं थांबविलें नाहीं. या कामासाठीं त्या उतारवयांत त्या दोन्ही भाषा शिकल्या होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्यांचें देहावसान झालें. भाषांतर तोंवर पुरें झालें होतें, आणि तें केडगांवच्याच छापखान्यांत, तेथल्या मुलींच्या हातांनीं खिळे जुळवून छापलें गेलें.