घड्याळजीची वाटणी

मागची दोन्ही चाकं उचललेली असावीत, गाडी गिअरमध्ये असावी आणि एक चाक हातानं पुढे ढकलावं: पलीकडचं चाक उलटं फिरतं. गॅरेजातल्या मिस्त्रींनी मला हे गंमत म्हणून दाखवलं होतं. या गमतीमागच्या, दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणाऱ्या डिफरन्शियलचं कूळ शोधायला निघालो आणि पोचलो घड्याळांच्या दुकानात.

१८२८ साली ओनेसिफोर पेक्यूर यांनी फ्रान्समध्ये वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचं पेटंट घेतलं, एवढं सगळे सांगतात. पेक्यूर पेशानं घड्याळजी होते, हे मात्र कुणी सांगत नाही. माझ्या लेखी सारी कथा त्या एका शब्दात आहे.

कारण त्यांच्या शंभर वर्षं आधी, १७२०च्या सुमारास, जोसेफ विल्यमसन या इंग्रज घड्याळजीनं हीच दातेरी रचना घड्याळात बसवली होती. सूर्यतबकडी आणि घड्याळ यांचं वर्षभर पटत नाही; फेब्रुवारीत तबकडी सुमारे १४ मिनिटं मागे, नोव्हेंबरात १६ मिनिटं पुढे. आपल्या ज्योतिषगणितातलं वेलांतर ते हेच. घड्याळाची एकसारखी गती आणि हा कमीजास्त फरक यांची बेरीज एकाच काट्यावर आणायची होती. म्हणजे डिफरन्शियल जन्माला आलं ते बेरीज करायला, ओढायला नव्हे.

चीनचा दावा याहून जुना. तिसऱ्या शतकातल्या मा जुनच्या रथावरची बाहुली, रथ कसाही वळला तरी दक्षिणच दाखवी. त्यात डिफरन्शियल असावं, हा तर्क १९४७ साली जॉर्ज लँचेस्टर यांनी मांडला. ते मोटारींचे इंजिनिअर. त्यांना दुसरं काय दिसणार? १०२७ सालच्या चिनी रथाच्या वर्णनात दोरीनं वरखाली होऊन दात जुळवणारी-सोडवणारी चाकं आहेत, डिफरन्शियल नाही. शिवाय दोन चाकांच्या घेरात शेकडा एकचा फरक पडला, तरी काही किलोमीटरांत बाहुलीची दक्षिण पार चुकेल. रथ सुंदर आहे, पण मोटारीचा पूर्वज म्हणून मी तो धरत नाही.

घड्याळाचं आडनाव गाडीला शोभतं, ते हिशेबामुळे. डिफरन्शियलचा पिंजरा दोन टोकांच्या वेगांची सरासरी धरतो. त्या सरासरीत ज्या टोकाचं जितकं वजन, तितकाच त्याच्या वाट्याला टॉर्क. घर्षण सोडलं तर आत गेलेली शक्ती तेवढीच बाहेर पडते, त्यामुळे दुसरी वाटणी संभवतच नाही. विल्यमसनची बेरीज उलट्या बाजूनं वाचली की ती वाटणी होते.

वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचा रस्ता कापतात. चारही चाकांना एकत्र जखडलेली जुनी जीप डांबरी रस्त्यावर वळवताना म्हणूनच ताठरते. डिफरन्शियलची हीच पेटी पुढच्या-मागच्या ॲक्सलांच्या मधे ठेवली की झालं सेंटर डिफरन्शियल. मधलं सूर्यचाक एका ॲक्सलला, बाहेरचं दातेरी कडं दुसऱ्याला आणि मधे ग्रहचाकं मिरवणारा पिंजरा इंजिनाला, अशी जोडणी केली की दातांच्या संख्येच्या प्रमाणात टॉर्क वाटला जातो. फर्ग्युसन या इंजिनिअरच्या रचनेवरच्या १९६६च्या जेन्सन एफएफ या गाडीत पुढे ३७ टक्के, मागे ६३. ऑडी क्वाट्रो (१९८०) सरळ निम्मं-निम्मं करी.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे: घसरणाऱ्या चाकाकडे सगळा जोर पळतो म्हणे. पळत काही नाही. वाटणी कायम असते, पण पुढची चाकं चिखलात असतील तर ती फारसा टॉर्क घेऊच शकत नाहीत आणि मागच्यांना मिळतो तो त्याच प्रमाणातला, म्हणजे जवळजवळ नाहीच. घड्याळात असा चिखल नव्हता, म्हणून घड्याळजींना दोन्ही टोकं एकत्र जखडणारं कुलूप कधी लागलं नाही. गाडीवाल्यांना लागलं.

पुढे क्वाट्रोनं कुलूप सोडून व्हर्नन ग्लीसमन यांचं टॉर्सन डिफरन्शियल धरलं. नाव ‘टॉर्क’ आणि ‘सेन्सिंग’ जोडून झालेलं, पण त्यात ओळखणारं काही नाही. आडवी-तिडवी वर्मचाकं घर्षणानं अडतात आणि हळू फिरणाऱ्या बाजूला जास्त टॉर्क देतात. घर्षण, म्हणजे घड्याळजी जन्मभर ज्याला तेल घालून हाकलत आला तेच.