घोयरा आणि माणसाचा हात: एका जुन्या ओळखीचा इतिहास

आजच्या भागात एक बादशाह आहे, एक चित्रकार आहे, पॅरिसची एक लेखिका आहे, आणि या सगळ्यांच्या मधोमध एक सरडा आहे. बसमध्ये इअरफोन लावून ऐकत असाल तर निवांत ऐका. वाचायला आवडत असेल तर नेहमीप्रमाणे सगळं इथं लिहून दिलंय.

सुरुवात मुघल दरबारातून करू. जहांगीर बादशाह १६०५ साली गादीवर आला. दारू, शिकार, न्यायाची साखळी या गोष्टी आपण शाळेत वाचल्यात. पण या माणसाला प्राणी बघायचं भयंकर वेड होतं. त्याचा सरदार मुकर्रब खान गोव्याला जाऊन १६१२ मध्ये परत आला, तेव्हा त्यानं टर्की कोंबड्यासारखे इकडे न दिसणारे पक्षी-प्राणी आणले. जहांगीरनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की पणजोबा बाबरनं प्राण्यांची वर्णनं लिहिली, पण चित्रकारांकडून त्यांची चित्रं काढून घेतली नाहीत. मी दोन्ही करतोय.

त्याच्या पदरी मन्सूर नावाचा चित्रकार होता. बादशाहनं त्याला 'नादिर-उल-अस्र' म्हणजे त्या काळातला अद्वितीय असा किताब दिला. याच मन्सूरच्या नावावर साधारण १६१२ चं एक चित्र आहे, आज ते इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. चित्रात एक फांदी आणि तिला धरून बसलेला हिरवा शॅमेलिऑन. अंगावरचा खवला न् खवला टिपलाय, पायांच्या चिमट्यांची पकड स्पष्ट दिसते. मला वाटतं, प्राणी जिवंत आणि शांत समोर बसल्याशिवाय असं चित्र होत नाही. त्याच्याजवळ कुणीतरी बराच वेळ न हलता बसलं असणार.

आता हा प्राणी काही परदेशी नाही बरं का. आपल्या मराठीत याला घोयरा म्हणतात. कुंपणावर मान वरखाली करणारा, लाल गळ्याचा तो नेहमीचा सरडा वेगळा. घोयरा हळू चालतो, झोका घेतल्यासारखा. वाऱ्यानं पान हलावं तसं अंग हलवत एकेक पाऊल टाकतो. त्याचे दोन डोळे दोन वेगळ्या दिशांना फिरतात. पायाची पाच बोटं दोन आणि तीन अशी एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे पाऊल पकडीसारखं चालतं. शेपटी गुंडाळून फांदीला पाचवा आधार देतो. व्हिएन्नाच्या लॉरेन्टी या शास्त्रज्ञानं १७६८ मध्ये त्याचं शास्त्रीय नामकरण केलं ते सिलोनच्या नावावरून, कॅमेलिओ झेलॅनिकस. पण तो श्रीलंकेपुरता नाही, भारतातही बऱ्याच भागांत आहे. आमच्याकडं परळी तालुक्यात, सिरसाळ्याच्या आसपास बांधावरच्या बाभळीत, बोरीत, काटेरी कुंपणात तो असतो. दिसत मात्र क्वचित, कारण न दिसणं हेच त्याचं काम.

या भागाचा विषय सुचला तोही सिरसाळ्यावरूनच. दसरा झाला होता, कापसाची वेचणी सुरू होती. माझ्या चुलत भावाचा व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज आला. शाळेतलं पोरगं आहे. "दादा, पऱ्हाटीत घोयरा घावलाय. पोपटाच्या पिंजऱ्यात ठिवलाय. पण हात लावला की काळा पडतोय अन् फुसफुस करतोय. याला हाताची सवय कशी लावायची?" मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळं गावाकडचं प्रत्येक 'कसं करायचं' माझ्याकडंच येतं. याचं उत्तर शोधताना लक्षात आलं की हा प्रश्न माणसानं फार आधीपासून विचारलाय.

आपल्याकडची जुनी गोष्ट घ्या. भागवताच्या दहाव्या स्कंधात नृग राजाची कथा आहे. यादवांची पोरं वनात खेळत होती. तहान लागली म्हणून पाणी शोधायला गेली, तर एका कोरड्या विहिरीत डोंगराएवढा कृकलास पडलेला. कृकलास म्हणजे सरडा, घोयराही त्यातच आला. पोरांना दया आली. त्यांनी चामड्याचे आणि सुताचे दोर बांधून ओढून बघितलं, काही जमेना. मग कृष्ण आला आणि त्यानं डाव्या हातानं त्याला सहज वर काढलं. स्पर्श होताच त्या सरड्याचा राजा नृग झाला. दान केलेली गाय नकळत दुसऱ्याला दान केल्यामुळं तो या जन्माला आला होता. कथा दानाची आणि पापपुण्याची आहे, मला मान्य. पण त्यातला तेवढा तपशील माझ्या डोक्यात राहिला: पोरांचा हेतू चांगला होता, दोरही होते, तरी जमलं नाही ते ओढण्यानं.

तिकडे ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात शॅमेलिऑनचं सविस्तर वर्णन लिहिलं. डोळे, रंग, चाल, सगळं. त्यानं तो कापूनही बघितला होता. नंतर रोमचा प्लिनी म्हणाला की हा प्राणी काही खातपीत नाही, नुसत्या हवेवर जगतो. हे वाक्य युरोपात जवळपास सोळाशे वर्षं चाललं. विचार करा, इतका काळ किती जणांनी तो खाताना नीट बघितला असेल? घाबरलेला घोयरा माणसासमोर खातच नाही. तोंड उघडून धमकी देतो. लांबून बघणाऱ्याला वाटणार, हवा खातोय.

हा गैरसमज मोडला पॅरिसमध्ये, आणि तिथं एकाच प्राण्याकडं दोन हात दोन प्रकारे गेले. १६६८ च्या सुमारास तिथल्या विज्ञान अकादमीकडं इजिप्तचा जिवंत शॅमेलिऑन आला. क्लोद पेरो या डॉक्टरानं आधी तो जिवंत असताना बघितला, मेल्यावर कापून तपासला आणि १६६९ मध्ये वर्णन छापलं. हवेवर जगण्याची गोष्ट त्यानं फेटाळली. त्याच्यासाठी शॅमेलिऑन म्हणजे उघडून बघायचं यंत्र.

दुसरा हात मादलेन द स्क्युदेरी या कादंबरीकार बाईंचा. त्या काळात त्यांच्या कादंबऱ्या युरोपभर वाचल्या जायच्या. १६७२ मध्ये त्यांच्याकडं इजिप्तहून शॅमेलिऑन आले. त्यांनी ते घरात ठेवले, थंडीत जपले, रोज बघितले आणि १६८८ मध्ये 'दोन शॅमेलिऑनची गोष्ट' अशा नावानं लेख छापला. पेरोच्या टेबलावर नमुना होता, बाईंच्या घरात सोबती होते, स्वतःचा स्वभाव असलेले. पाळीव शॅमेलिऑनबद्दल कुणी इतक्या जिव्हाळ्यानं लिहिल्याची इतकी जुनी दुसरी नोंद माझ्या वाचनात नाही.

मग काळ पुढं सरकला. युरोप-अमेरिकेत शॅमेलिऑन विकत मिळायला लागले, पण ते जंगलातून पकडलेले असायचे आणि पिंजऱ्यात फार टिकायचे नाहीत. १९९० च्या दशकात येमेन-सौदीकडचा व्हेल्ड शॅमेलिऑन पिंजऱ्यातच पैदास होऊ लागला आणि चित्र बदललं. जन्मापासून माणूस बघितलेले प्राणी आले, आणि पाळणाऱ्यांनी चुकत-माकत हाताची सवय लावायची एक पद्धत बसवली. ती पद्धत ऐका, कारण तिच्यातच या प्राण्याचा सगळा इतिहास दिसतो.

पहिले काही आठवडे हात लावायचाच नाही. पिंजरा उंच ठेवायचा, कारण उंचावर त्याला सुरक्षित वाटतं. रोज ठरल्या वेळी जवळ नुसतं बसायचं. मग उघड्या तळहातावर एखादा किडा ठेवून हात स्थिर धरायचा. जीभ आली तर आली. पुढची पायरी म्हणजे हात फांदीसारखा समोरून, पोटाच्या खालच्या पातळीला न्यायचा. वरून कधीच न्यायचा नाही. शिक्रा, भारद्वाज असे पक्षी सरड्यावर झडप घालतात, त्यामुळं वरून येणारा हात म्हणजे त्याच्या हिशोबानं मरण. पाय फांदीवरून ओढून सोडवायचे नाहीत, नखं-बोटं दुखावतात. तो स्वतः पाऊल टाकेल तेव्हाच हातावर घ्यायचा, तेही काही मिनिटं. अंग काळवंडलं, गळा फुगला, तोंड उघडलं, फुसफुसला की थांबायचं. आमच्या भाषेत सांगायचं तर हे एरर मेसेज आहेत. दुर्लक्ष करून पुढं गेलात तर सिस्टिम बंद पडणार.

आणि रंग बदलण्याबद्दल एक गोष्ट. तो पाठीमागच्या रंगाशी जुळवून घेतो हे अर्धवट खरं आहे. जिनेव्हाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं की त्वचेतल्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर बदललं की रंग बदलतो. हे तो मुख्यतः दुसऱ्या शॅमेलिऑनला इशारा द्यायला, भीती-राग दाखवायला करतो. ऊन घ्यायचं असेल तर गडद होतो. पुढाऱ्यांना आपण सरड्याची उपमा देतो, पण खरा सरडा रंगातून लपवत नाही, सांगतो.

एवढं सगळं करूनही काय मिळतं? सहनशीलता. हा माणूस मला खात नाही, इतकी खात्री. काही शॅमेलिऑन तीही कधीच देत नाहीत. म्हणजे सवय जास्त करून लागते ती माणसाच्या हाताला, हळू व्हायची.

आता आपल्या घोयऱ्याकडं. तो वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याला पकडणं, पाळणं, विकणं, मारणं गुन्हा आहे. परदेशी जातींसाठी या कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, आणि २०२४ च्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेले प्राणी ज्यांच्याकडं आहेत त्यांना 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. बहुतेक शॅमेलिऑन त्यात येतात. रील बघून ऑर्डर द्यायची ही गोष्ट नाही.

भावाला मी आधी व्हिडिओ पाठवायला सांगितलं. त्यात घोयऱ्याचं पोट फुगलेलं होतं आणि तो पिंजऱ्याच्या तळाला फिरत, पायानं पत्रा खरवडत होता. झाडावर राहणारा प्राणी खाली उतरून खरवडतोय म्हणजे बहुधा तो 'तो' नव्हता, 'ती' होती. पावसाळा संपला की मादी अंडी घालायला जमिनीवर उतरते, भुसभुशीत माती उकरून खड्डा करते. माती मिळालीच नाही तर अंडी पोटात अडकून ती मरू शकते. भावाला वाटत होतं ती माणसाला घाबरतेय. ती घाबरत होतीच, पण त्याहून मोठी घाई तिला मातीची होती.

मी एवढंच सांगितलं: हात लावू नको. पिंजऱ्याचं दार उघड, बाभळीची काठी आत सरकव, ती चढेल. चढली की काठी उचलून जिथं घावली त्याच बांधावर नेऊन टेकव. घरात काकूंचा जीव टांगणीला, कारण घोयरा विषारी असतो अशी गावात पक्की समजूत. भारतात एकही सरडा विषारी नाही, हे त्यांना फोन स्पीकरवर ठेवून समजावलं. अर्ध्या तासानं भावाचा मेसेज आला: "गेली. काठीवर लगीच चढली की दादा." नृगाच्या विहिरीत दोरांनी जे झालं नाही, ते इथं एका काठीनं झालं.

ही काठीची युक्ती लक्षात ठेवा, कारण ती तुम्हाला लागणार आहे. वेचणीच्या दिवसांत गावाकडं गाडीवर जाताना रस्त्याच्या मधोमध काहीतरी हिरवं झुलत-झुलत चाललेलं दिसलं तर गाडी बाजूला घ्या. गाड्या बघा, मगच उतरा. काठी त्याच्या समोर आडवी धरा, चढू द्या, आणि ते ज्या बाजूला निघालं होतं त्याच बाजूच्या झुडपात सोडा. उलट्या बाजूला सोडलंत तर ते परत रस्ता ओलांडायला निघेल. जखमी असेल किंवा कुणी मारत असेल तर वन विभागाचा टोल फ्री नंबर १९२६ लावा. फोटो काढायचा असेल तर लांबून एक काढा. मन्सूरला तर फोटोची सोय नव्हती, त्यानं बसून बघितलं.

तुमच्या भागात घोयऱ्याला काय म्हणतात आणि त्याच्याबद्दल काय काय सांगतात, ते व्हॉइस मेसेजनं नक्की पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा.