लहान चाकांच्या जुन्या सायकलीची चाकबांधणी : मालवण किनाऱ्याच्या संदर्भात

वाहनांच्या इतिहासाचे लेखन बहुधा कारखाने, उद्योजक आणि विक्रीचे आकडे यांभोवती फिरते. वाहन रस्त्यावर टिकवून धरणारा कारागीर त्यात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात जुन्या, लहान चाकांच्या सायकलीस नवी चाके बांधण्याच्या कामाचा इतिहासाच्या दृष्टीने विचार केला आहे. चाक हा सायकलीचा लवकर झिजणारा आणि म्हणून वारंवार बदलला जाणारा भाग होय. मूळ वस्तू कोणती आणि नंतरची दुरुस्ती कोणती, हा इतिहाससाधनांविषयीचा जुना प्रश्न येथे हब आणि रिम यांच्या जोडीत उभा राहतो. मालवणच्या खाऱ्या हवेत तो अधिक निकडीचा होतो.

कोकणातील सुताराला चाक अपरिचित नव्हते. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे आणि लोखंडी धाव यांची रचना त्याच्या हातातली होती. तेथे आरा भार दाबून झेलतो. सायकलीच्या चाकाचे तत्त्व याच्या उलट आहे. त्यातील बारीक तारा सतत ताणलेल्या असतात आणि जमिनीकडील तारांचा ताण स्वाराच्या वजनाने कमी होतो. तो पुरता नाहीसा होऊ नये इतका आधीच भरून ठेवणे, हेच चाकबांधणीचे मर्म. जेम्स स्टार्ली याने 1874 मध्ये हबाला स्पर्शरेषेत जाणाऱ्या तारांचे एकस्व घेतले. तारा एकमेकींना छेद देत विणण्याची आजची पद्धत तेथपासूनची आहे.

प्रौढांच्या सायकलीला लहान चाक ही कल्पना प्रतिष्ठित केली ती ॲलेक्स मोल्टन या इंग्रज अभियंत्याने. 1959 च्या मिनी मोटारीसाठी रबराचे निलंबन घडविणाऱ्या मोल्टन यांनी 1962 मध्ये सोळा इंची चाकांची, रबरी निलंबनाची सायकल बाजारात आणली. लहान चाक खड्ड्यात अधिक आदळते. त्यावर निलंबन आणि अधिक हवेचे अरुंद टायर असा त्यांचा उपाय होता. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जॉन वुडबर्न याने या सायकलीवर कार्डिफ ते लंडन अंतराचा विक्रम मोडला. रॅले कंपनीने 1965 मध्ये प्रतिस्पर्धी म्हणून 'आरएसडब्ल्यू 16' काढली. तिला निलंबन नव्हते. ते काम दोन इंच रुंदीच्या, कमी हवेच्या टायरवर सोपविले होते. पुढे 1967 मध्ये मोल्टनचा सायकल व्यवसाय रॅलेनेच विकत घेतला.

स्वातंत्र्योत्तर भारतात आयातीवर कडक निर्बंध होते. मुंबईची हिंद सायकल्स, आसनसोलची सेन-रॅले, मद्रासची टी. आय., सोनीपतची ॲटलस, लुधियानाची हिरो या कारखान्यांचा भर राहिला तो 28 इंची, काळ्या, भरभक्कम सायकलीवर. (हिंद सायकल्स आणि सेन-रॅले यांचे 1980 मध्ये राष्ट्रीयीकरण झाले.) लहान चाक आपल्याकडे रूढ झाले ते मुलांच्या, तासावर भाड्याने मिळणाऱ्या हाफ सायकलीतून. विलायती लहान चाकांची सायकल अशा परिस्थितीत तुरळकच राहणार, आणि तिचे सुटे भाग त्याहून तुरळक.

येथेच कारागिराची पहिली अडचण सुरू होते. 'सोळा इंच' हे माप रिमचे नाही. ते हवा भरलेल्या टायरच्या बाहेरील व्यासाचे, तेही अंदाजी, जुने माप आहे. टायरची कडा रिमवर ज्या ठिकाणी बसते तो व्यास मोल्टनच्या 16 × 1⅜ टायरसाठी 349 मिलिमीटर, तर आरएसडब्ल्यूच्या जाड टायरसाठी 305 मिलिमीटर आहे. दोन्ही सोळा इंचीच. वीस इंचातही 20 × 1⅜ साठी 451 आणि 20 × 1.75 साठी 406 असा भेद आहे. बाजारात सहज मिळणारी मुलांच्या सायकलीची 305 ची रिम मोल्टनच्या चिमट्यात बसते खरी, पण तिची कड सुमारे 22 मिलिमीटर आत सरकते आणि ब्रेकचे रबर तिच्यापर्यंत पोहोचत नाही. 'चालून जाईल' म्हणून सोडण्याजोगी ही चूक नव्हे. 349 चे टायर आज उपलब्ध आहेत ते मुख्यतः ब्रॉम्प्टन या घडीच्या सायकलीने तेच माप चालू ठेवल्यामुळे.

दुसरी अडचण हवेची. किनाऱ्यावरील वाऱ्यातील क्षार क्रोमच्या मुलाम्यातील सूक्ष्म भेगांतून आतल्या पोलादापर्यंत जातात. पावसाळ्याचे चार महिने ओल हटत नाही. रिम बाहेरून चकचकीत दिसत असता टायरखाली, निपलच्या छिद्रांभोवती ती पोखरलेली असते. तारा बहुधा हबाजवळच्या वळणावर तुटतात. त्यातच चाक लहान असल्याने फेरे अधिक. एका किलोमीटरला 28 इंची चाक सुमारे 450 वेळा फिरते, तर मोल्टनचे सुमारे 760 वेळा. छर्रे, कोन आणि रिमची ब्रेक घासणारी बाजू त्या प्रमाणात झिजतात. अशा ठिकाणी ॲल्युमिनियमची रिम, स्टेनलेस तारा आणि पितळी निपल वापरणे मूळ रूपाला सोडून असले तरी प्रस्तुत लेखकास योग्य वाटते, कारण सायकल चालती राहणे हाही तिच्या मूळ स्वरूपाचाच भाग आहे.

तारांची लांबी मात्र अंदाजाने ठरत नाही. रिमचा आतील व्यास, हबाच्या छिद्रवर्तुळाचा व्यास आणि दोन कडांमधील अंतर घेऊन ती त्रिकोणमितीने काढावी लागते. 36 छिद्रांच्या मोठ्या चाकात तीन छेदांची वीण चालते. लहान चाकात तीच वीण घातली तर तारा निपलपाशी तिरक्या येऊन वाकतात, म्हणून दोन किंवा एकच छेद घ्यावा. मोठी तार कापून तिला नव्याने आटे पाडण्याची गावठी युक्ती धोक्याची आहे. कारखान्यात आटे दाबून उमटविलेले असतात. कापून पाडलेल्या आट्यांपाशी तार कमजोर होते. चाकाचा 'आऊट' काढण्याचे काम नजरेचे आणि सवयीचे. येथे मालवणच्या सायकल दुकानातील हात कोणत्याही शहरी कारागिराला उणा ठरू नये.

आता साधनाचा प्रश्न. नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गतींच्या हबावर निर्मितीचे वर्ष व बहुधा महिनाही कोरलेला असतो. सायकलीचा सांगाडा अनेकदा मुका असतो. हब तसा नसतो. तो सायकलीबरोबरचाच असेल तर तिचा काळ सांगतो, नंतरचा असेल तर दुरुस्तीचा. चाक 'नवे करून देणे' म्हणजे संपूर्ण जोडी बदलणे, असा सोयीचा अर्थ घेतला गेला की हा पुरावा भंगारात जातो. पुण्यात कर्वेनगर येथे 2017 मध्ये विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय सुरू झाल्यापासून जुन्या सायकलींविषयीचे कुतूहल वाढले आहे. हे कुतूहल रंग आणि चकाकीपुरते राहिल्यास साधनांची हानीच होईल. म्हणून जुना हब खोलून, धुऊन, नवे छर्रे घालून त्यावरच नवी रिम विणावी. काढलेल्या रिमवरील छाप, छिद्रांची संख्या, तारांची लांबी आणि विणीचे छेद, तसेच काम करणाऱ्याचे नाव व तारीख, मालकाच्या कागदपत्रांत नोंदवून ठेवावी.