संडरलंड टिल आय डाय

ईशान्य इंग्लंडमधील संडरलंड फुटबॉल क्लबवरील नेटफ्लिक्सची माहितीपट-मालिका. पहिले पर्व डिसेंबर २०१८. प्रीमियर लीगमधून २०१७ मध्ये घसरलेला संघ पुन्हा वर चढेल, या आशेने चित्रीकरण सुरू झाले. कॅमेऱ्याने टिपली ती सलग दुसरी घसरण. निर्मात्या ‘फुलवेल ७३’ संस्थेतच संघाचे कट्टर चाहते होते. म्हणूनच कदाचित मालिकेचे नायकपण खेळाडूंकडे न जाता चाहत्यांकडे गेले. आरंभीच चर्चमध्ये संघासाठी प्रार्थना होते. बंद पडलेल्या कोळसा खाणीच्या जागेवर उभ्या असलेल्या या मैदानावरील निष्ठा परक्या प्रेक्षकांना भावली. अनेक संडरलंडकरांना मात्र तीच जखम पडद्यावर पुन्हा पाहणे जड गेले. दुसऱ्या पर्वातही २०१९ च्या वेम्बली अंतिम सामन्यात चार्लटनने अखेरच्या क्षणी हरवले. बढतीचा आनंद दिसला तो २०२४ च्या तिसऱ्या पर्वात.